सुम्या, तिकडे तहान लागते का रे?

सुम्या, गेल्या रविवारी माईकवर जो बोलला तो मी नव्हतो.

आपल्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या. समोर बुद्धमूर्ती, बाजूला तुझा फोटो. तोच लायसन्सवाला, ज्यात तू मोबाईलचोर दिसतोस. माईला आपल्या पोराचा दुसरा फोटो मिळाला नाही, कारण बाकी सगळ्या फोटोंत माझं थोबाड मध्ये. भन्तेजींची वंदना झाली, मग तुझ्या मामांनी माईक घेतला, "आता सुमेधचा जवळचा मित्र ओंकार दोन शब्द बोलेल." मी उठलो. हळदीत, बारशात, गणपतीच्या स्टेजवर कायम माईक हातात असतो, मला कसली भीती? तोंड उघडलं आणि आतून आवाज आला, "आज आपल्यातून एक उमदं व्यक्तिमत्त्व हरपलं आहे..."

कोणाचा आवाज, माहितीये? आपल्या एरियात कोणीही गेलं की शाल घेऊन हजर होणारे ते पाहुणे, त्यांचा. मी त्यांची नक्कल करायचो आणि तू बेडवर हसता हसता सिस्टरचा ओरडा खायचास. मला थांबवताच येईना. 'उमदं' बोललो रे मी. तुला! एका काकूंनी डोळे पुसले. खाली बसलो तेव्हा लक्षात आलं, तुझ्याबद्दल माझ्या स्वतःच्या आवाजात एक शब्द निघालेला नाही.

म्हणून हे लिहितोय. माईला अर्ध्यापर्यंत वाचून दाखवलं. पुढचं तिचंच आहे, म्हणून थांबलो, विचारलं लिहू का. ती बोलली, "लिही. लपवण्यासारखं काय आहे त्यात."

तू मला पहिल्याच ओळीला अडवलं असतंस, हेपण माहितीये. "कोणाला लिहितोयस? मी नाहीये. नसलेल्या माणसाला पत्र म्हणजे बंद नंबरला मिस्ड कॉल." आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवून शिकवून तुझं तोंडच तसं झालेलं.

मेल्यावर कोणी उरतं का, हे आपलं भांडण दोन वर्षं चाललं आणि मिटलं नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार. ठाकुर्लीवरून रिक्षा, कल्याणला डायलिसिस सेंटर, चार तास. तू बेडवर, दोन नळ्या हातात. मी बाजूला प्लॅस्टिकच्या स्टुलावर. पहिल्या दिवशी सिस्टर बोललेली, नातेवाईकांनी बाहेर बसायचं. मी तिच्याच आवाजात तिला परत बोलून दाखवलं. समोरच्या बेडवरची म्हातारी एवढी हसली की सिस्टरने मला स्टूल आणून दिलं. मग मी मशीनचा अलार्म शिकलो. टीं-टीं-टीं. सिस्टर धावत यायची, मशीन शांत, मी छताकडे बघतोय. तिसऱ्या वेळी तिने मला ट्रे फेकून मारायचा बाकी ठेवलेला. आणि नंतर खरा अलार्म वाजला की ती लांबूनच ओरडायची, "ए मुरबाडकर, गप बस!" आणि आपण दोघं एकदम, "सिस्टर, आईशप्पथ, मशीनच आहे!"

मुरबाडकर. कधीतरी सांगून बसलो की शाळा मुरबाडला झाली, तेव्हापासून आडनावच पडलं.

तर मेल्यावर काय होतं, हा विषय तिथे सिनेमासारखा बोलला जायचा. बाहेर कोणी काढला तर लोक तोंडावर हात ठेवतील. तिथे सगळ्यांचं तिकीट वेटिंगवर, मग लाज कसली? बाजूच्या बेडवरचे रफिकचाचा सांगायचे, कबरीत फरिश्ते येतात, सवाल विचारतात. मी लगेच आवाज जाड केला, "बोल रफिक, डायट सांभाळलंस का?" चाचा हसले आणि मग बोट वर करून बोलले, "हँस ले बेटा. उधर मिमिक्री नहीं चलती. वहाँ अपनी आवाज में जवाब देना पड़ता है."

तू टाळी वाजवलीस, एका हाताने मांडीवर. "चाचा, याला अपनी आवाजच नाहीये. हा तिथे पण तुमच्याच आवाजात उत्तर देईल, आणि तुमचे मार्क याला."

मी कोणाच्या बाजूचा, हे तू सारखं विचारायचास. मी ज्याच्याशी बोलेन त्याच्या बाजूचा. चाचांशी बोललो की मला कबर पटायची, घरी आजीशी बोललो की पितर. तुझ्याशी बोललो की काहीच पटायचं नाही. एकदा मी बोललो, "तूच शिकवतोस ना, ऊर्जा नष्ट होत नाही? मग माणूस गेल्यावर ती जाते कुठे?"

तू डोळे मिटूनच विचारलंस, "घरी गॅस बंद केला की ज्योत कुठे जाते?"

"म्हणजे?"

"कुठे जाते सांग. डोंबिवलीला जाते? का कल्याणला?"

"कुठे नाही जात. विझते."

"झालं तर मग. प्रश्नच चुकीचा आहे, उत्तर काय शोधतोस?"

 घरी येऊन मी तीन वेळा गॅस चालू-बंद करून बघितला. आजीने पाठीत धपाटा घातला.

पण एक गोष्ट तू वेगळ्या आवाजात बोलायचास. मी आवाजाचा धंदा करतो, मला कळतं. बाकी सगळं तू सरसारखा बोलायचास, फळ्यापुढे उभा असल्यासारखा. हे मात्र हळू. "एक फायदा आहे बघ मेल्यावर. तहान नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. किडनी काम करत नाही म्हणजे पाणी बाहेर जात नाही. मग आत घ्यायचंच नाही. तुला दिवसाला पाऊण लिटर, चहा, आमटी, गोळ्या सगळं धरून. माईने एका बाटलीवर मार्करने रेघा मारलेल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. माई बालवाडीची बाई, तिच्या रेघा म्हणजे रेघा. तू रेघेच्या खाली एक घोट गेलास की किचनमधून यायचं, "सुमेऽध! पाणी म्हणजे काय खेळ वाटला का तुला?" बाल-वा-डी टोन, शेवटी वर जाणारा. तो आवाज मी असा उचललेला की एकदा फोनवर तू मलाच "हो गं माई" बोललास.

मे महिन्यात, आपल्या या घामट हवेत, माणूस एक बर्फाचा खडा गालात धरून तास काढतो, हे मी तुझ्यामुळे बघितलं. आणि शनिवारी सुटल्यावर सेंटरच्या बाहेर रसवाला. आपला नियम ठरलेला. रस मी प्यायचा, माझ्या ग्लासातला बर्फाचा एक खडा तुझा. तू तो चोखत चोखत रसवाल्याच्या यंत्राचे घुंगरू ऐकत उभा राहायचास. रसाचा वास घेतोय असं बोलायचास. वासाला रेघ नाही.

त्या शेवटच्या शनिवारी तू आधी खडा घेतलाच नाहीस.

"ओम्या, आज मला अख्खा ग्लास पाहिजे. माझा मला. तुझ्यातला नाही."

मला वाटलं मस्करी. तू बोललास, "सिरियसली. आत्ताच मशीनवरून उतरलोय. रस नको तर पाणी दे. पण अख्खा ग्लास. गटागटा प्यायचंय, घोट घोट नाही. दोन वर्षांत एकदा."

सुम्या, मी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि घाबरलो. तुझे ओठ पांढरे पडलेले आणि तू मागत होतास. तू कधी काही मागत नाहीस. मला नाही बोलायचं होतं आणि नाही बोलवत नव्हतं. मग मी माझं जे एकच हत्यार आहे ते काढलं. कमरेवर हात, मान तिरकी, "सुमेऽध! पाणी म्हणजे काय खेळ वाटला का तुला?"

रसवाला हसला. तूपण हसलास. आत ओढून घेतोस तसं, आवाज न करता. मग तू माझ्या ग्लासातला खडा उचललास, तोंडात टाकलास आणि बोललास, "चल, रिक्षा बघ."

 रिक्षात मी अख्खा रस्ता नकला केल्या. उतरताना तू बोललास, "मंगळवारी लवकर ये." सोमवारी दुपारी माईची हाक आली, जिन्यावरून. तो आवाज मी कधीच काढणार नाही, काढताही येणार नाही.

त्याच संध्याकाळी, सगळं उरकून मी घरी आलो, आंघोळ केली, बघतो तर आजीने किचनच्या खिडकीत, ग्रिलवर, पितळी फुलपात्र ठेवलेलं. पाण्याने भरलेलं. मला समजलं. आमच्यात ठेवतात. दहा दिवस. जाणाऱ्याला तहान लागते बोलतात.

"आजी, हे काय? ते लोक नाही मानत असलं. बौद्ध आहेत ते."

"मग? बौद्धांना तहान लागत नाही?"

"अगं तसं नाही. सुम्या स्वतः मानायचा नाही. त्याने हे ऐकलं ना, तर डोक्याला हात लावेल."

आजीने फुलपात्र नीट मध्यावर सरकवलं. "ऐकतोय ना? मग झालं तर."

आजीशी वाद घालण्यात अर्थ नाही, तुलापण ती एकदा असंच गप्प करून गेलेली. पण त्या फुलपात्राने माझी वाट लावली रे. तू बरोबर असशील, तर काही प्रश्न नाही. ज्योत विझली, तहान विझली. पण आजी बरोबर असेल तर? तर तू शनिवारपासून तहानलेला आहेस. तर मी तुला तसाच पाठवलाय. नाही बोलून, आणि तेही जोक मारून.

रोज सकाळी फुलपात्र थोडं रिकामं असायचं. बाष्पीभवन, सर. माहितीये. मे महिना, पश्चिमेची खिडकी. चिमण्यापण येतात. तरी मी रोज भरत होतो, काठोकाठ, आणि आजीच्या आधी उठून. मी, जो कोणाच्याच बाजूचा नाही.

आणि मग रविवारी तुमच्या कार्यक्रमात जलदान विधी. मला आधी माहीतच नव्हतं त्यात काय करतात. एका ताटात वाटी ठेवलेली, माईच्या हातात तांब्या. भन्तेजी पालीत म्हणत होते आणि माई बारीक धारेने वाटीत पाणी ओतत होती. तुझ्या मामांनी मला कानात सांगितलं, हे मेलेल्याला प्यायला नसतं, आपण केलेलं पुण्य सगळ्यांना वाटायचं, त्याची खूण. वाटी भरून वाहते तसं. मी मान हलवली. वाटी भरली, ताटात वाहायला लागली. भन्तेजींचं म्हणून झालं. माई ओततच होती. ताट भरलं. पाणी चादरीवर आलं, पुढच्या ओळीतल्या लोकांनी पाय मागे घेतले. भन्तेजी हळूच बोलले, "बस, माई." माईने तांब्या पालथा होईपर्यंत हात खाली केला नाही.

बाटलीवर रेघा मारणारी बाई, सुम्या.

सगळे जेवून गेले. मी खुर्च्या रचून वर तुमच्याकडे आलो, तर माई मोरीशी बसून तोच तांब्या घासत होती. घासलेला तांब्या परत घासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "शनिवारी काही बोलला का रे तो तुला? येताना?"

मी खोटं बोलणार होतो. तोंडात उत्तर तयार होतं, पाहुण्यांच्या आवाजातलं. पण रफिकचाचा आठवले. वहाँ अपनी आवाज में. कबरीपर्यंत कोण थांबतंय, मोरीतच सवाल आलेला.

"पाणी मागितलं त्याने. अख्खा ग्लास. मी नाही दिलं."

माईचा हात थांबला.

"नाही दिलं आणि... तुमचा आवाज काढून नाही बोललो. मस्करीत."

"माझा?"

"हो."

"कसा?"

"माई, जाऊ दे ना."

"काढून दाखव."

मी आजपर्यंत ज्यांची नक्कल करतो त्यांच्यासमोर बिनधास्त केलीये. सिस्टरसमोर, चाचांसमोर, शाळेत हेडमास्तरांसमोर करून छड्या खाल्ल्यात. माईसमोर जमिनीकडे बघूनच केली. कमरेवर हात ठेवला. कसंबसं बोललो, "सुमेऽध, पाणी म्हणजे काय खेळ वाटला का तुला?"

 माई बोलली, "एवढी चढते मी शेवटी?"

"त्याहून जास्त."

ती हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. पदर लावला तोंडाला. मी मोरीच्या कट्ट्यावर बसलो. मग ती बोलली.

"मी दिलं त्याला. सोमवारी सकाळी."

"काय दिलं?"

"पाणी. माठातलं. अख्खा पेला भरून. बोलला, माई, एकदाच. माझ्या तोंडात 'नाही' आलेलं, रोजचं. पण त्याच्याकडे बघितलं आणि हात माठाकडे गेला. मी रेघा मारल्या, मीच पेला दिला. आणि दुपारी..." तिने तांब्या खाली ठेवला. "कोणाला बोलले नाही मी हे. तुलाच."

सुम्या, बघ काय करून ठेवलंयस. एकाने दिलं नाही म्हणून तो झोपत नाही, एकीने दिलं म्हणून ती झोपत नाही. आणि तू, ज्याला विचारायचं, तो बोलतो प्रश्नच चुकीचा आहे.

मी विचारलं, "कसा प्यायला?"

"काय कसा?"

"म्हणजे घोट घोट? का..."

"गटागटा. श्वास घ्यायला थांबला नाही. पेला खाली ठेवला आणि..." माईने मान थोडी मागे टाकली. डोळे मिटले. आणि तुझ्यासारखा आवाज काढला, "हाऽऽऽ."

माईला नकला येत नाहीत. बालवाडीत वाघपण तिला नीट करता येत नाही, पोरं हसतात. पण ते "हाऽऽऽ" तुझंच होतं. सुरुवातीला घशात जरा खरखर, मग मोकळं. तुझा प्रत्येक आवाज माझ्याकडे आहे. शिंकेचा, फळ्यावर खडू आपटतानाचा, रिक्षावाल्याशी हुज्जत घालतानाचा. हा एक मी ऐकलेलाच नव्हता. दोन वर्षांत तो आवाज तू काढलाच नव्हतास, कारण तेवढं पाणीच मिळालं नव्हतं तुला.

मी बोललो, "माई, परत." तिने परत केलं. 

मंगळवारी मी सेंटरला गेलो. तुझ्या वेळेला. सवयीने रिक्षात बसताना एका बाजूला सरकलो. तुझ्या बेडवर कोणीतरी नवीन काका, पहिल्यांदा आलेले, नळीकडे बघत नव्हते. चाचांनी हात वर केला. मी सिस्टरला कोपऱ्यात गाठलं आणि माईचं सांगितलं. एका पेल्याने होतं का असं? तिने माझ्याकडे बघितलं. "एका पेल्याने काही होत नाही रे. त्यांचं हार्टच थकलेलं. सांग त्यांना, मी सांगितलंय म्हणून."

मी आवाज ओळखतो. ती माहिती देत होती की समजूत काढत होती, ते मला कळलं. ते इथे लिहिणार नाही. मी घरी येऊन माईला तिचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, पण सिस्टरच्या आवाजात नाही. माझ्या. माईने दोनदा विचारलं, "खरंच असं बोलली?" मी दोनदा बोललो, "हो."

आजीलापण सांगितलं, सुम्या अख्खा पेला पिऊन गेला. आजीने लगेच खिडकीतून फुलपात्र उचललं आणि कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. दहा दिवस व्हायचे होते अजून. बोलली, "मग कशाला ठेवायचं? तृप्त गेला पोरगा." मला तुझं उत्तर तिथल्या तिथे ऐकू आलं, फळ्यावाल्या आवाजात. "तृप्त कोण आजी? कोणी उरलंच नाही तर?" भांडणाचा निकाल लागलेला नाही, बघ. फक्त आता तुझी बाजूपण मलाच बोलावी लागते, आणि त्यात मजा नाही. मी बोलतो, मग तुझ्यासारखं बोलतो, मग गप्प. तिसरं कोणी हसत नाही. आवाज एवढे आहेत माझ्याकडे आणि घरात शांतता आहे.

काल शनिवार होता. रसवाल्याकडे गेलो. त्याने न विचारता ग्लास भरला आणि वरून दोन खडे टाकले, त्यातला एक तुझा. बोलला, "दोस्त अजून आत आहे का?" मी मान हलवली, तिचा काय अर्थ लागला त्याला, माहीत नाही. ग्लास हातात धरला. यंत्र चालू झालं, घुंगरू वाजायला लागले, त्या आवाजात मी बोललो. मोठ्याने. त्या शनिवारी जे बोलायचं होतं ते.

तू बरोबर असशील तर हे कोणी ऐकत नाहीये, मग लाजायचं कोणाला? आणि आजी बरोबर असेल तर तू ऐकलंसच.

"नको पिऊस रे सुम्या. मला भीती वाटते. तू गेलास तर मला एकट्याला नाही जमणार."

सपाट आवाज होता. थोडा बारीक. मला स्वतःलाच अनोळखी. कोणाचीच नक्कल नव्हती.

यंत्र थांबलं. रसवाल्याने फडक्याला हात पुसत विचारलं, "कोणाशी बोलतोयस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तुझ्या बाजूने बोलावं की आजीच्या, ते ठरेना. ग्लासातले दोन्ही खडे विरघळेपर्यंत मी तसाच उभा होतो.